चावी फिरवली, मोवर चालू होईना

हिवाळाभर गॅरेजमध्ये उभा असलेला रायडिंग मोवर (वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र) वसंतात बाहेर काढला आणि चालू झाला नाही, अशी पत्रं या वेळी सर्वांत जास्त आहेत. बहुतेक पत्रांत एक गोष्ट सारखी दिसते. बिघाड कुठे आहे हे पाहण्याआधीच नवी बॅटरी, नवा सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) किंवा नवा कार्बोरेटर आणलेला असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार. चावी फिरवल्यावर मोवर काय आवाज करतो आणि मल्टिमीटर काय आकडा दाखवतो, या दोन गोष्टी कळवल्यात तर निम्मं निदान पत्रातच होतं. साधा डिजिटल मल्टिमीटर, स्पार्क प्लग खोलायची गोटी, म्हणजे सॉकेट (बहुतेक इंजिनांना ५/८ इंची), फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि तारेचा ब्रश, एवढं सामान पुरतं.

एक नियम सगळ्या उत्तरांना लागू आहे. पात्याजवळ किंवा पट्ट्याजवळ हात घालण्याआधी चावी काढून खिशात ठेवा आणि प्लगची टोपी ओढून बाजूला करा. दोन सिलिंडरचं इंजिन असेल तर दोन्ही टोप्या.

प्रश्न: मोवर नोव्हेंबरपासून गॅरेजमध्ये होता. आता चावी फिरवली की टकटकटकटक असा आवाज येतो, इंजिन मात्र हलतही नाही. दुकानदार म्हणतो सेल्फ बदला. बदलू का? (एडिसन, न्यू जर्सी)

इतक्यात नको. भराभर होणारी ही टकटक सोलेनॉइडची, म्हणजे बॅटरीचा करंट सेल्फकडे सोडणाऱ्या विजेवरच्या स्विचची असते आणि करंट कमी पडतोय एवढंच ती सांगते. सोलेनॉइड ओढला जातो, सेल्फ करंट मागतो, त्याबरोबर बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो आणि सोलेनॉइड सुटतो. सुटला की व्होल्टेज वर येतो आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. सेल्फ किंवा सोलेनॉइडचे आतले संपर्क गेले असते तर बहुधा एकच जोरकस 'टक' ऐकू आला असता.

आधी बॅटरी मोजा. चार्जिंग थांबवून काही तास झालेले असताना मीटर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. मात्र नुसता हा आकडा पुरत नाही. घरातल्या कुणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि त्याच वेळी मीटर बॅटरीच्या दोन्ही टोकांवर धरा. सेल्फ फिरत असताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीत दम नाही. बसल्या बसल्या १२.६ दाखवणारी आणि भार आला की ६ वर येणारी बॅटरी आतून गेलेली असते. ती कितीही चार्ज केली तरी उपयोग नाही.

चार्ज करताना २ ॲम्पिअरवर, रात्रभर. मोवरची बॅटरी गाडीच्या बॅटरीपेक्षा बरीच लहान असते. चार्जरवर 'स्टार्ट' किंवा 'बूस्ट' नावाचं बटण असतं, ते तिच्यासाठी वापरू नका. जागा हवेशीर हवी, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो.

बॅटरी चांगली निघाली तर वायरींकडे वळा. टोकांवर पांढरी-हिरवी पूड दिसत असेल तर आधी काळी वायर सोडा, मग लाल. कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा कालवून त्याने टोकं धुवा, तारेच्या ब्रशने धातू चकाकेपर्यंत घासा, कोरडी करा. जोडताना आधी लाल, मग काळी. काळ्या वायरीचं दुसरं टोक चॅसिसला बोल्टने आवळलेलं असतं. तिथला गंज बहुतेक जण पाहातच नाहीत, आणि अडचण हमखास तिथेच असते. बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज घासून काढा, परत आवळा. खात्री करायची तर मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाच्या खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे.

गाडीच्या बॅटरीवरून चालू करायचा असेल तर गाडीचं इंजिन बंद ठेवा. लाल वायर मोवरच्या धन टोकाला, तिचं दुसरं टोक गाडीच्या धन टोकाला, काळी गाडीच्या ऋण टोकाला आणि शेवटचं टोक मोवरच्या चॅसिसला, बॅटरीपासून लांब. मोवर चालू झाला की पूर्ण थ्रॉटलवर बॅटरीचा व्होल्टेज पुन्हा पाहा. रेग्युलेटर असलेल्या इंजिनावर तो १३.५ ते १४.५ हवा. १२.४ वरच अडकून हळूहळू खाली येत असेल तर चार्जिंग होत नाही आणि पुढच्या आठवड्यात हीच टकटक पुन्हा ऐकाल.

प्रश्न: माझा मोवर अगदीच गप्प आहे. टक नाही, काही नाही. बॅटरी १२.७ दाखवते. (कोलंबस, ओहायो)

पूर्ण शांतता असेल तर करंट सोलेनॉइडपर्यंत पोचतच नाही, असं धरून चालायचं. आधी बिनखर्चाच्या गोष्टी: ब्रेकचं पेडल पूर्ण खाली दाबलं आहे का? पाती चालू करायचा पिवळा नॉब खाली, किंवा लीव्हर 'बंद' वर आहे का? झीरो-टर्न (स्टिअरिंगऐवजी दोन दांड्यांनी वळणारा मोवर) असेल तर दोन्ही दांडे बाहेरच्या बाजूला आणि पार्किंग ब्रेक लावलेला आहे का? यातली एक गोष्ट जरी सुटली तरी मोवर सेल्फ मारू देत नाही, आणि ते योग्यच आहे. पेडलखालच्या स्विचवर सुकलेलं गवत साचलं की पेडल दाबूनही स्विच पूर्ण दाबला जात नाही. हे या यंत्रांत वारंवार होतं.

मग फ्यूज. सीटखाली किंवा बॅटरीजवळ चपट्या पात्याचा, बहुधा १५ किंवा २० ॲम्पिअरचा असतो. जळला असेल तर तेवढ्याच ॲम्पिअरचा नवा घाला. तोही लगेच जळला तर मोठा फ्यूज घालू नका. कुठेतरी वायरीचं प्लॅस्टिक घासून तांबं चॅसिसला टेकतंय. स्टिअरिंगच्या दांड्याजवळ आणि सीटखाली, जिथे काही ना काही सतत हलतं, तिथे पाहा. हिवाळ्यात गॅरेजमध्ये उंदीर शिरले असतील तर हुडखालच्या वायरीही तपासा.

फ्यूज ठीक असेल तर मीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकावर पक्की लावा आणि लाल तारेने करंटचा माग काढत जा. बॅटरी, फ्यूज, चावीचा स्विच, ब्रेकचा स्विच, पात्याचा स्विच, सोलेनॉइड असा साधारण क्रम असतो. मॉडेलप्रमाणे थोडा फरक पडतो. चावीच्या स्विचमागे पिनांजवळ अक्षरं असतात. 'बी' म्हणजे बॅटरीकडून येणारी. तिथे कायम १२ व्होल्ट हवेत. 'एस' वर चावी स्टार्टला धरल्यावरच १२ यायला हवेत. 'बी' वर आहेत आणि 'एस' वर येत नाहीत, तर चावीचा स्विच गेला. 'एस' वर आहेत, तर पुढे ब्रेकच्या स्विचवर जा. आत येताना १२ आहेत आणि बाहेर पडताना शून्य, अशी जागा सापडली की बिघाड सापडला.

सोलेनॉइडच्या बारीक टोकावर १२ येतात आणि तरी टक नाही, तर दुसऱ्या बारीक टोकाची अर्थिंग पाहा. तीही चांगली असेल तर सोलेनॉइड बदला. टक होतो, पण सेल्फकडे जाणाऱ्या जाड टोकावर व्होल्टेज येत नाही, तरी सोलेनॉइडच. तिथे १२ येतात आणि सेल्फ ढिम्म, तेव्हाच सेल्फ खोलायचा.

प्रश्न: सीटखालचा स्विच सारखा त्रास देतो. उठसूट इंजिन बंद पडतं. दोन वायरी एकत्र जोडून तो काढूनच टाकला तर चालेल का? (अटलांटा, जॉर्जिया)

नाही. पाती फिरत असताना चालवणारा सीटवरून उठला किंवा उतारावर पडला, तर इंजिन थांबवणारी ही एकच गोष्ट आहे. अंगणात मुलं असतात. हा स्विच बदलायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. सीट पुढे कलंडवली की खालून तो पाव वळसा फिरवून किंवा दोन खाचा दाबून निघतो. बदलण्याआधी त्याचा कनेक्टर ओढून पाहा. पिना हिरव्या पडल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घासा. सीटखालची स्प्रिंग मोडल्यामुळे हलक्या माणसाच्या वजनाने स्विच नीट दाबला जात नाही, असंही होतं. त्या वेळी स्प्रिंग बदलायची. आणि आधीच्या मालकाने वायरी जोडून ठेवलेला सेकंडहँड मोवर घेतला असेल, तर पहिलं काम तो स्विच परत बसवण्याचं.

प्रश्न: सेल्फ मारला की इंजिन अर्धा फेरा फिरतं आणि एखाद्या भिंतीला धडकल्यासारखं थांबतं. पुन्हा मारला की कधी फिरतं, कधी नाही. नवी बॅटरी घातली, नवा सेल्फ घातला, तरी तेच. इंजिन ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं, एक सिलिंडरचं, ओव्हरहेड व्हॉल्व्हचं आहे. (नेपरव्हिल, इलिनॉय)

हे लक्षण इतकं ठरलेलं आहे, की सेल्फवर पैसे घालवण्याआधी व्हॉल्व्हचं क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट), म्हणजे आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला टॅपेट सेटिंग म्हणतात, ते पाहायला हवं होतं. कारण समजून घ्या. एवढ्या मोठ्या एका सिलिंडरचं पूर्ण कॉम्प्रेशन या छोट्या सेल्फला झेपत नाही. म्हणून कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, एक लहानशी योजना असते. इंजिन सावकाश फिरत असताना ती एक व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते, थोडी हवा निसटते आणि पिस्टन वर जाऊ शकतो. इंजिनाने वेग घेतला की ती बाजूला होते. हे उचलणं अगदी थोडं असतं. वापराने व्हॉल्व्हचं क्लिअरन्स वाढलं की ते सगळं त्या मोकळ्या फटीतच जिरतं, व्हॉल्व्ह उघडतच नाही आणि सेल्फ पूर्ण कॉम्प्रेशनवर आदळून थांबतो.

आधी दुसरी एक शक्यता बाजूला काढा. तेलाची काडी ओढून पाहा. तेल खुणेच्या वर चढलं असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर कार्बोरेटरची फ्लोटची सुई (आत येणारं पेट्रोल अडवणारी) गळते आहे आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलेलं असू शकतं. द्रव दाबला जात नाही. अशा वेळी सेल्फ मारत राहिलात तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, त्याची टोपी भोकापासून लांब बांधून अर्थ करा आणि मग इंजिन फिरवून पेट्रोल बाहेर काढा. भोकासमोर कुणी उभं राहू नये. सुई आणि तिची बैठक बदला, तेल आणि फिल्टर दोन्ही बदला. टाकीनंतर बंद करायचा कॉक नसेल तर बसवून घ्या.

तेल ठीक असेल तर टॅपेटकडे वळा. इंजिन पूर्ण थंड हवं. प्लग काढा. व्हॉल्व्हचं झाकण चार बोल्टवर असतं, ते उघडा. प्लगच्या भोकात प्लॅस्टिकचा स्ट्रॉ सोडा आणि वरून पाहताना घड्याळाच्या दिशेने फ्लायव्हील (इंजिनाच्या वरचं जड चाक) हाताने फिरवा. पिस्टन वर येताना स्ट्रॉ वर येईल. तो सर्वांत वर आला आणि दोन्ही रॉकर सैल आहेत, म्हणजे तुम्ही कॉम्प्रेशनच्या फेऱ्यावर आहात. एखादा रॉकर दाबलेला असेल तर आणखी एक पूर्ण फेरा द्या. आता इथेच मोजायचं नाही. पिस्टन पाव इंच, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर, खाली जाईपर्यंत फ्लायव्हील तसंच पुढे फिरवा. ती उचलून धरणारी योजना या जागी व्हॉल्व्हला टेकत नाही. नेमकं वरच्या टोकाला मोजलंत तर आकडा चुकीचा येतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

कार्बोरेटरच्या बाजूचा व्हॉल्व्ह इनटेकचा, सायलेन्सरच्या बाजूचा एक्झॉस्टचा. तुमच्या प्रकारच्या इंजिनाला इनटेक ०.००३ ते ०.००५ इंच आणि एक्झॉस्ट ०.००५ ते ०.००७ इंच ठेवतात. मॉडेल क्रमांक टाकून मॅन्युअलमध्ये एकदा ताडून घ्या. फीलर गेजची पट्टी रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधे सरकवा. ती ओढताना थोडी अडली पाहिजे. सहज सरकू नये, रुतूही नये. रॉकरच्या नटमधला लॉक स्क्रू सैल करा, नट फिरवून फट जुळवा, नट धरून ठेवून लॉक स्क्रू आवळा. आवळताना फट हलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. मग इंजिन दोन पूर्ण फेरे हाताने फिरवून परत त्याच जागी आणा आणि तिसऱ्यांदा मोजा. झाकण नव्या गॅस्केटसह बसवा.

झाकण उघडलंच आहे तर पुशरॉड (रॉकरला ढकलणारी सळई) काढून काचेवर लोळवून पाहा. वाकलेला असेल तर बदला, आणि तो का वाकला हेही शोधा. बरेचदा इंजिन अति तापलेलं असतं, कारण फ्लायव्हीलवरच्या जाळीखाली आणि सिलिंडरच्या पंखांमध्ये गवत किंवा उंदराचं घरटं अडकलेलं असतं. सेटिंग अचूक करूनही इंजिन अडतच असेल, तर कॅमशाफ्टवरची ती योजनाच मोडली आहे आणि कॅमशाफ्ट बदलावा लागेल. ते काम इंजिन खाली उतरवून करायचं आहे.

कोहलरच्या कमांड किंवा करेज इंजिनांच्या मालकांनी हे करायला जाऊ नये. त्यांच्यात हायड्रॉलिक लिफ्टर असतात आणि क्लिअरन्स जुळवावं लागत नाही.

प्रश्न: सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेटत नाही. मागच्या ऑक्टोबरचं पेट्रोल टाकीत आहे. नवा प्लग घातला. फ्लायव्हीलची चावी तुटली असेल का? (फ्रिस्को, टेक्सस)

पेट्रोलावर संशय आहेच, पण करंट आणि पेट्रोल यातलं काय कमी आहे हे मिनिटभरात कळतं. एअर फिल्टर काढा, कार्बोरेटरच्या तोंडात स्टार्टिंग फ्लुइडचा एक सेकंदाचा फवारा मारा, बाजूला व्हा आणि सेल्फ मारा. इंजिन दोन-तीन सेकंद चालून बंद पडलं, तर स्पार्क चांगला आहे, पेट्रोल पोचत नाही. अजिबात पेटलं नाही, तर स्पार्क पाहा.

पेट्रोल पोचत नसेल तर टाकीकडून सुरुवात करा. अमेरिकेतल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि महिनाभरात ते शिळं होऊ लागतं. सहा-सात महिन्यांचं पेट्रोल सगळं काढून टाका. नव्यात मिसळून वापरायचा मोह नको. पेट्रोल भरताना पंपावरचं लेबलही वाचा. 'अनलेडेड ८८' नावाने मिळतं त्यात १५ टक्के इथेनॉल असतं. ते २००१ आणि नंतरच्या मोटारींसाठी आहे. मोवर, चेनसॉ यांसारख्या छोट्या इंजिनांत वापरायला परवानगी नाही.

मग फिल्टर. त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. पुढची नळी कार्बोरेटरपाशी सोडून बरणीत धरा आणि सेल्फ मारा. पंप असलेल्या इंजिनात पेट्रोल ठोक्याठोक्याने यायला हवं. येत असेल तर कार्बोरेटरच्या तळाशी, वाटीखाली, एक वायर जोडलेला गोल भाग असतो, तो इंधनाचा सोलेनॉइड. चावी 'ऑन' केली की त्याचा बारीक टक हाताला जाणवतो. तो गप्प असेल आणि त्याच्या वायरीवर १२ व्होल्ट येत असतील तर तो बदलायचा. लोक इथे अख्खा कार्बोरेटर बदलतात, आणि बिघाड या एकाच भागात असतो.

सोलेनॉइड ठीक असेल तर आतला मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग) बुजला आहे. पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीखाली भांडं धरा, सोलेनॉइड सोडवा, वाटी उतरवा. तळाशी पाण्याचे थेंब, पांढरी पूड किंवा मधासारखा चिकट थर दिसेल. जेट उजेडासमोर धरला की भोक गोल आणि मोकळं दिसायला हवं. कार्ब क्लीनर मारा आणि वायरीतली तांब्याची एकच तार आरपार फिरवा. ड्रिलचं पातं किंवा जाड सुई घालू नका. भोक कणभर मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं. वाटीचं रबर फुगलं असेल तर नवं घाला. फक्त चोकवर चालणाऱ्या आणि चोक काढला की मरणाऱ्या मोवरचा इलाजही हाच आहे.

स्पार्क नसेल तर: नव्या प्लगचा गॅप मोजला होता का? बहुतेक ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिनांना ०.०३० इंच, म्हणजे ०.७६ मिलिमीटर लागतो आणि नवा प्लग नेहमी तेवढाच जुळवलेला नसतो. त्यानंतर कॉइलवरची (ही प्लगला स्पार्क पुरवते) बारीक वायर ओढून काढा. इंजिन बंद करताना ही वायर कॉइलला अर्थ करते. ती कुठे घासून चॅसिसला टेकली की स्पार्क मरतो. वायर काढल्यावर स्पार्क टेस्टरवर स्पार्क आला तर कॉइल चांगली आहे, वायरिंग किंवा स्विच वाईट. हे फक्त तपासणीपुरतं करा. वायर काढलेली असताना इंजिन पेटलं तर चावीने ते बंद होणार नाही. वायर काढूनही स्पार्क नाही, तर कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यातली फट पाहा. ब्रिग्जच्या बऱ्याच इंजिनांना ०.०१० ते ०.०१४ इंच लागते. फ्लायव्हीलच्या चुंबकावरचा गंज घासून काढा. मग कॉइल बदला.

फ्लायव्हीलची चावी (फ्लायव्हीलला क्रँकशाफ्टवर नेमक्या जागी धरणारा धातूचा छोटा तुकडा) तुटली असेल का, असंही तुम्ही विचारलं आहे. ढकलायच्या मोवरमध्ये पातं थेट क्रँकशाफ्टवर असतं, म्हणून दगडाला आपटलं की ती चावी तुटते. रायडिंग मोवरचं पातं पट्ट्यावर चालतं, त्यामुळे इथे ती शक्यता बरीच कमी. ते शेवटी पाहा.

प्रश्न: सकाळी एका फटक्यात चालू होतो. अर्धा तास गवत कापून थांबवला की पाऊण तास चालू होत नाही. (शार्लट, नॉर्थ कॅरोलायना)

बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण सैल करा. 'फुस्स' असा आवाज आला आणि मोवर चालू झाला, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं आहे, झाकण बदला. तसं झालं नाही तर इंजिन गरम असतानाच स्पार्क तपासा. काही कॉइल गरम झाल्यावर आतून तुटतात आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतात, त्यामुळे सकाळची तपासणी इथे कामाची नाही. स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही असतील, तर वर नेपरव्हिलच्या वाचकांना सांगितलेलं टॅपेट सेटिंग पाहा.

प्रश्न: कर्जतजवळ आमचं फार्महाऊस आहे. लॉनसाठी सेकंडहँड रायडिंग मोवर घेतला. पावसाळ्यात तीन महिने शेडमध्ये होता. आता सेल्फ फिरतो, पण इंजिन पेटत नाही. कार्बोरेटर दोनदा साफ केला, आठवडाभर चालतो आणि पुन्हा तेच. (कर्जत, जि. रायगड)

कार्बोरेटर साफ केलात, टाकी केली का? आता भारतातल्या पंपांवर मिळणारं साधं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे आणि तुमचं इंजिन बहुधा १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलसाठी बनलेलं आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. कोकणपट्टीचा पावसाळा, अर्धी रिकामी टाकी आणि तीन महिने, एवढं त्याला भरपूर झालं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलापासून वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळातूनच निघते. वर चांगलं पेट्रोल दिसतं, कार्बोरेटरला मात्र पाणी मिळतं.

टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून अर्धा तास स्थिर ठेवा. मधे रेघ दिसली तर सगळं पेट्रोल बाद. हलवून पुन्हा एकजीव होत नाही. जमिनीत ओतू नका, विहीर जवळ असेल तर मुळीच नाही. जवळच्या गॅरेजला त्यांच्या टाकाऊ तेल-पेट्रोलच्या पिंपासाठी द्या. टाकी उतरवून आतून पूर्ण कोरडी करा, फिल्टर नवा घाला, नळी दाबून पाहा. मऊ, चिकट किंवा फुगलेली वाटली तर सगळ्या नळ्या बदला. आतून सुटणारे रबराचे कणच पुन्हा पुन्हा जेट बुजवत असतील. त्यानंतर कार्बोरेटर तिसऱ्यांदा साफ करा. या वेळी तो टिकेल.

पुढे पंधरा दिवसांत संपेल तेवढंच पेट्रोल आणा. त्याहून जास्त दिवस मोवर उभा राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग वाटीत उरलेलं काढून टाका. पावसाळ्यासाठी टाकी पूर्ण रिकामी आणि कोरडी ठेवा. कॉक नसेल तर नळीत बसवून घ्या. स्वस्त वस्तू आहे. जास्त इथेनॉलने मिश्रण पातळ होतं, त्यामुळे थंडीतल्या सकाळी चोक नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागेल. तो बिघाड नाही. बॅटरी काढून घरात ठेवा, महिन्यातून एकदा चार्ज करा, टोकांना व्हॅसलीन लावा. सीट, ब्रेक आणि पाती या तिन्ही स्विचांचे कनेक्टर पावसाळ्यानंतर एकदा उघडून पाहा, कारण दमट हवेत त्यांच्या पिना हिरव्या पडतात. शेडमध्ये घुशी-उंदीर असतील तर हुडखालची वायरिंगही.

प्रश्न: हिवाळ्यात बॅटरी मोवरमध्येच राहिली. आता तिच्या बाजू फुगलेल्या दिसतात. चार्ज करून बघू का? (रॉचेस्टर, मिनेसोटा)

करू नका. भरलेली बॅटरी तुमच्याकडच्या थंडीतही गोठत नाही, पण रिकामी झालेली उणे ७ अंश सेल्सिअसच्या आसपासच गोठते. आतल्या पट्ट्या वाकल्या आहेत, कवचाला चीर असू शकते, आणि अशी बॅटरी चार्जरला लावली तर फुटू शकते. हातमोजे आणि चष्मा घालून काढा, ट्रेमध्ये ॲसिड सांडलं असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. नवी घेताना जुनी दुकानात द्या. कोअर डिपॉझिट (जुनी बॅटरी परत येईपर्यंत दुकान ठेवून घेतं ती रक्कम) घेतलं असेल तर ते परत मिळतं. नवी निवडताना आकार आणि धन टोक कुठल्या बाजूला आहे हे जुनीवरून पाहून घ्या, नाहीतर लाल वायर पुरत नाही. आणि गोठणाऱ्या थंडीत मोवरला बर्फ ढकलायचं पातं लावत असाल, तर तेलही तपासा. एसएई ३० हे तेल ४ अंशांच्या खाली घट्ट होतं आणि चांगली बॅटरीसुद्धा इंजिन फिरवताना धापा टाकते; त्या दिवसांत ५डब्ल्यू-३० घाला.